परवानगी मागा

१

ओठांची शाळा बंद पडल्याचं किल्लीला कळलं तेव्हा तिच्या हातात सकाळचा चहा होता आणि समोर पडद्यावर एक राखाडी चौकोन. चौकोनात कुलपाचं चित्र, खाली दोन वाक्यं: "ही फाईल पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही. परवानगी मागा."

तिने पान बंद करून पुन्हा उघडलं. तोच चौकोन. इंटरनेट पुन्हा जोडलं. तोच चौकोन. चहावर साय धरली तरी ती कप घेऊन बसूनच होती.

खरं तर हा चौकोन तिच्या रोजच्या ओळखीचा. लोक आपली कागदपत्रं, फोटो, व्हिडिओ ज्या ऑनलाईन सेवेवर ठेवतात, तिच्या मदतकक्षात ती नोकरीला होती. "लिंक उघडत नाही हो" म्हणून लोक दिवसभर लिहायचे आणि ती लिहूनच त्यांची कुलपं काढून द्यायची. म्हणून तर ऑफिसात तिचं नाव किल्ली पडलं. आता ऑफिस तरी कसलं! काही वर्षांपूर्वी एका तापाचं निमित्त झालं, दोन्ही कान गेले, फोनवरचं काम सुटलं आणि लिहून बोलायचं काम घरी आलं. तेव्हापासून दिवसच्या दिवस तिला माणसाचं तोंड दिसत नसे. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं की जमिनीला किंचित हादरा बसे, तेवढाच शेजार.

एक चेहरा मात्र रोज भेटायचा. मास्तरीणबाईंचा.

बाईंनी ओठ वाचायला शिकवणारे धडे करून एका फोल्डरमध्ये ठेवले होते. लिंक असेल त्या कोणालाही ते पाहता येत. फी नाही, नाव नोंदवणं नाही. व्हिडिओंना आवाज मुद्दामच नव्हता. पडद्यावर फक्त एक साठीची बाई, पिकलेले केस, कपाळावर चष्मा, आणि बोलणारे ओठ. "प, ब आणि म," पहिल्याच धड्यात त्यांनी सांगितलं होतं, "हे तिघे जुळे भाऊ. एकाच दारातून, एकच सदरा घालून बाहेर पडतात. पान, बाण, मान, सगळं सारखंच दिसणार. ओठ अर्धंच सांगतात. उरलेलं आपण भरतो. भरताना जपा, कारण आपण बहुधा मनात असेल तेच भरतो."

सहा-सात महिन्यांपूर्वी बाई वारल्या. त्यांच्या मुलीने फोल्डरच्या पहिल्या पानावर तसं लिहिलं होतं, खाली आपला फोन नंबर दिला होता आणि "धडे सगळ्यांसाठी खुलेच राहतील" असंही म्हटलं होतं.

आणि आज दाराला कुलूप. किल्लीने कामाचा पडदा उघडला. मदतकक्षात त्याच फोल्डरच्या तीन तक्रारी येऊन पडल्या होत्या. तिसरी वाचून तिने कप खाली ठेवला.

"डॉक्टर म्हणतात, उरलेलं ऐकू येणंही लवकरच जाईल. मुलगी नुकती बोलायला लागली आहे. आवाज आहे तोवर तिचे ओठ शिकून घ्यायचे होते. कृपा करून उघडा."

२

कुलूप कोणी घातलं हे शोधण्याआधी, कोणी घातलं नाही हे शोधावं, असा किल्लीचा शिरस्ता.

फोल्डर कोणी पुसून टाकलं असतं, तर "फाईल सापडत नाही" असं दिसलं असतं. म्हणजे धडे जागेवर होते. कंपनीने स्वतः अडवलं असतं, तर वर लाल पट्टी आली असती. पट्टी नव्हती. आपोआप तर असं होतच नाही. कोणीतरी आत जाऊन 'लिंक असलेला कोणीही' ही ओळ बदलून 'फक्त परवानगी दिलेले' अशी केली होती. आणि ते फक्त मालकाच्या खात्यातून करता येतं. मालकीणबाई तर गेलेल्या.

तिने साहेबांना लिहिलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याचं सगळं लक्ष तक्रारी मिटण्याकडे. "मालकाची मर्जी," त्याचं उत्तर आलं. "आपण कोणाच्या खात्यात डोकावत नाही. मिटवून टाक."

"मालक हयात नाही."

"मग वारसांना लिहू दे. तू कशाला दुसऱ्याचं लग्न आपल्या अंगणात मांडतेस?"

नियम म्हणून त्याचं बरोबरच होतं. किल्लीने तक्रारी मिटवल्या, दोन दिवसांची रजा टाकली आणि साध्या विद्यार्थिनीसारखं 'परवानगी मागा' हे बटण दाबलं. बटणाखाली संदेश लिहायला एक रिकामी चौकट होती. ती तिने रिकामीच सोडली. काय लिहिणार?

दिवसभर उत्तर आलं नाही.

तीन तक्रारींपैकी पहिली एका शिंप्याची होती. ऐकू येणं गेल्यावर गिऱ्हाईकाशी बोलणं तो याच धड्यांवर शिकला होता. दुसरी एका क्लासवाल्याची. हा माणूस शहरात ओठवाचनाचा शिकवणी-वर्ग चालवत होता, जाहिरातीत त्याचा फोटो असे. फुकटची शाळा बंद झाली तर फायदा कोणाचा? किल्लीने त्यालाच आधी व्हिडिओ कॉल लावला.

तो बहिऱ्यांशी बोलायचं म्हणून तोंड इतकं फाकवून बोलत होता की एक शब्द धड वाचता येईना.

"साधं बोला," किल्ली म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसे. तो फार मोठा लागतोय की बारीक, हे ती समोरच्याच्या भुवयांवरून ठरवी. "फोल्डर बंद झाल्याने तुमचं काय अडलं?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. "माझा... म्हणजे आमचा सगळा वर्गच थांबलाय. आम्ही विद्यार्थ्यांना जे धडे पाठवतो ना, ते..."

"ते बाईंचेच होते."

"लिंक सगळ्यांना खुली होती!" तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

चोराच्याच घरी चोरी झाली होती. ज्या फांदीवर बसायचं ती हा कशाला तोडेल? किल्लीने त्याला यादीतून काढला. उरलं बाईंचं घर.

३

पहिल्या पानावरचा मुलीचा नंबर शिंप्याने उतरवून ठेवला होता. मुलगी दूरच्या शहरात एका दवाखान्यात नर्स होती. तिने कॉल घेतला तो वॉर्डबाहेरच्या जिन्यातून. तोंडावर मास्क. किल्लीने बोटाने खूण केली तसा तिने तो हनुवटीवर ओढला. ओठ आईसारखेच होते.

"बंद? शक्यच नाही," मुलगी म्हणाली. "मी तर हातही लावला नाही. सवडच नाही हो. आई गेल्यावर पहिल्या पानावर चार ओळी लिहिल्या, त्यानंतर मी ते उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही." तिचे डोळे भरले, पण बोलणं थांबलं नाही. "पाहवत नाही मला. ती बोलताना दिसते आणि आवाज नाही. तुम्हाला कळतं ती काय म्हणते ते. मला नाही कळत."

"आईच्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे?"

"पासवर्ड कोणालाच माहीत नाही. पण आईच्या लॅपटॉपवर खातं उघडंच असतं."

"आणि व्हिडिओ कोण काढायचं?"

"मामा. माझे मामा, आईचे धाकटे भाऊ. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, तुमच्याच शहरात. धडे चढवायचेही तेच. पण त्यांना तेवढीच परवानगी होती. बाकी आई कोणाला हात लावू द्यायची नाही. त्यावरून मामा रुसलेही होते."

"मग आता लॅपटॉप कुठे आहे?"

मुलीने मागे वळून पाहिलं. कोणीतरी हाक मारत असावं. घाईघाईने ती वळली आणि म्हणाली, "मामांकडेच आहे. त्यांनीच मागून घेतला."

मुलगी आणखी काहीतरी सांगत होती, पण बोलता बोलता तिने मास्क वर ओढला. पांढऱ्या कापडामागे ओठ हलत राहिले. त्यातलं एक अक्षरही किल्लीला मिळालं नाही. मग पडदा काळा झाला.

४

स्टुडिओ एका अरुंद रस्त्यावर होता. काचेत नवरा-नवरींचे फोटो उन्हाने निळे पडले होते. आत पासपोर्ट फोटोसाठी पांढरा पडदा, एक फिरतं स्टूल आणि स्टुलाशेजारी मामा. दाढी इतकी दाट की ओठ म्हणजे झुडपातलं पाखरू. किल्लीने त्यांना दिव्याखाली उभं केलं, मगच बोलायला लावलं.

"बंद कुठे आहे?" मामा म्हणाले. "कालच तर मी उघडून पाहिलं. थांबा, दाखवतोच."

त्यांनी आपल्या संगणकावर फोल्डर उघडलं आणि ते खरंच उघडलं. धड्यांची रांगच्या रांग. प्रत्येक चौकटीत बाईंचा चेहरा. किल्लीने नकळत हात पुढे केला.

"हे तुम्हाला दिसतंय," ती म्हणाली, "कारण तुम्ही आत आहात. घरात बसलेल्याला बाहेरची कडी दिसत नाही. तुमच्या खात्यातून बाहेर या, परक्यासारखे या, आणि मग तीच लिंक उघडा."

मामांनी तसं केलं. राखाडी चौकोन आला.

त्यांचा चेहरा पडला. असा चेहरा वाचायला ओठ लागत नाहीत. पण फसवणारी माणसंही चेहरा पाडू शकतात, म्हणून किल्लीने पुढचा प्रश्न विचारला.

"बाईंचा लॅपटॉप जरा आणता?"

"अक्काचा लॅपटॉप? माझ्याकडे कुठून येणार?"

"तुमच्या भाचीने सांगितलं."

"तिने?" मामा चिडले. दाढीतून शब्द तुटक येऊ लागले. "अहो, अक्का गेल्यापासून मी त्या घराची पायरी चढलेलो नाही. तेराव्यालाच भांडण झालं. मी म्हटलं, इतकी वर्षं कॅमेरा मी धरला, कुठेतरी माझं नाव टाका. तर भाऊजी म्हणतात, तिने स्वतःचं नाव टाकलं नाही, तुझं कशाला? बस. उठून आलो."

"भाऊजी म्हणजे बाईंचे यजमान. त्यांनाच विचारावं का?"

मामा इतके हसले की खोकला आला. "त्यांना? त्यांच्या हातात टीव्हीचा रिमोट दिला तर पंखा बंद होतो! आयुष्यभर रेडिओवर बातम्या वाचल्या. माईकसमोर बसायचं, बटणं दुसऱ्याने दाबायची. त्यांना कुठलं फोल्डर न् कुठलं काय."

किल्ली बाहेर पडली. भाची म्हणते मामांकडे, मामा म्हणतात नाही. दोघांतलं एक खोटं बोलत होतं. नाव न मिळाल्याचा राग होता, भांडण होतं, दुसरं काय लागतं माणसाला? तरी तिचं मन घेईना. खोटं बोलायचं असेल, तर इतक्या उत्साहाने स्वतःच संगणक कोण उघडून दाखवेल?

रस्त्यात फोन थरथरला. शिंप्याचा संदेश होता.

"मला परवानगी मिळाली. मास्तरीणबाईंनी दिली."

५

शिंप्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तो मशीनमागे बसून पडद्याकडे एकटक पाहत होता. त्यावर धडा चालू होता.

"हे बघा," त्याने फोन पुढे केला. परवानगी खरोखरच बाईंच्या खात्यावरून आली होती. मेलेल्या बाईंनी दार उघडून दिलं होतं, पण एकट्या शिंप्याला.

"तुम्ही काय केलंत?" किल्लीने विचारलं. "मी बटण दाबलं, मला काही नाही."

"मी पण बटणच दाबलं. मात्र त्या चौकटीत लिहिल्या चार ओळी. आमची ही आजारी होती तेव्हा रात्रंदिवस बोलायची आणि मला कळायचं नाही. बाईंच्या धड्यांमुळे शेवटचे दोन महिने तरी कळलं ती काय म्हणते ते. एवढंच लिहिलं." तो कात्री उगाच उघडझाप करत राहिला. मग त्याला एकदम हसू फुटलं. "पण उत्तर बघा काय आलंय! बहिऱ्याला कोणी असं लिहितं का?"

किल्लीने वाचलं: "नमस्कार. आपला संदेश मिळाला. फार आनंद झाला. परवानगी दिली आहे. ऐकत राहा."

ऐकत राहा.

ती घरी आली आणि खुर्चीवर बसली. आता कोडं वेगळ्याच बाजूने उलगडायला लागलं होतं. कुलूप घालणाऱ्याला धडे लपवायचे नव्हते. नाहीतर शिंप्याला का दिले असते? त्याला फी नको होती. सूड नको होता. ज्याने नुसतं बटण दाबलं तो बाहेर राहिला, ज्याने मन मोकळं केलं तो आत गेला. म्हणजे कोणीतरी बाईंच्या लॅपटॉपसमोर बसून येणारा प्रत्येक संदेश वाचत होतं, आणि त्याची वाट पाहत होतं. मामांना रांगेने धडे दिसतच होते, त्यांना लोकांच्या आठवणी कशाला हव्यात? मुलीला तर पाहवतच नव्हतं. आणि मामा, मुलगी, यजमान या घरच्या तिघांपैकी, बाईंच्या विद्यार्थ्यांना 'ऐकत राहा' असं कोण लिहील? बाई स्वतः तर मेल्या तरी लिहिणार नाहीत. ते लिहील असा माणूस, ज्याच्या तोंडून आयुष्यभर रोज, रेडिओवर निरोप घेताना, दुसरं काही निघालंच नाही.

पण मुलीने तर स्वच्छ सांगितलं होतं, 'मामांकडे'.

किल्ली उठून आरशासमोर गेली. मोठ्याने म्हणाली, "मामांकडेच आहे." मग म्हणाली, "बाबांकडेच आहे."

आरशातल्या बाईचे ओठ दोन्ही वेळा अगदी सारखे मिटले आणि सारखेच उघडले. विषय मामांचा चालला होता. उरलेलं तिने मनातलं भरलं होतं.

६

मामांकडून मागून घेतलेल्या पत्त्यावर दार उघडणारा म्हातारा उंच, सडपातळ, घरातही इस्त्रीचा सदरा घातलेला, गुळगुळीत दाढी केलेला. तिने घंटा वाजवल्यावर तो इतक्या लवकर आला की जणू दारामागेच उभा असावा.

"या," तो म्हणाला. कोण, कुठले, काही नाही. नुसतं "या."

आणि किल्ली चमकली. इतके स्पष्ट ओठ तिने बाईंखेरीज कोणाचे पाहिले नव्हते. प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं.

आतल्या खोलीत टेबलावर लॅपटॉप उघडा होता. समोर एक खुर्ची. दुसरी होती, पण तिच्यावर वर्तमानपत्रांची चळत. त्याने ती उचलली, कुठे ठेवावी कळेना, शेवटी खाली ठेवली.

"फोल्डर तुम्ही बंद केलंत," किल्ली म्हणाली.

"हो," त्याने लगेच कबूल केलं. मग किंचित घाबरून, "मुलीला सांगणार आहात?"

"आधी मला सांगा. का?"

तो बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिला.

"ती गेली तेव्हा चार माणसं आली," तो म्हणाला. "दोन शेजारची, मेहुणा आणि मुलगी. मला वाटायचं हिचे इतके विद्यार्थी, कोणीतरी येईल. पण कळवणार कोणाला? एकाचंही नाव माहीत नाही. मुलीकडून लॅपटॉप मागून घेतला. म्हटलं, निदान दिसतात तरी का बघू. तर पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात नुसती रंगीत वर्तुळं. खाली 'अनामिक'. येतात, थांबतात, जातात. मी दिवसभर बघत बसायचो. एकदा हिय्या करून त्या पानावरच लिहिलं, 'कोण आहे?' होतं ते वर्तुळ तिथल्या तिथे नाहीसं झालं."

किल्लीने पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"मग त्या कंपनीच्या मदतकक्षात विचारलं, बघणाऱ्यांची नावं कशी कळतील? उत्तर आलं, लिंक सगळ्यांना खुली असेल तर नावं दिसत नाहीत. मर्यादित केलीत तर लोकांना परवानगी मागावी लागेल, तेव्हा दिसतील. कुठलं बटण, तेही लिहिलं होतं. फार सभ्यपणे."

हे उत्तर किल्लीला तोंडपाठ होतं. पाठवणारी ती होती की दुसरी कोणी, तिला आठवेना.

"दार सताड उघडं असलं की कोणी कडी वाजवत नाही हो," म्हातारा म्हणाला. "म्हणून लोटून घेतलं. कुलूप म्हणून नाही. ज्यांनी दोन शब्द लिहिले त्यांना लगेच दिलं. बाकीच्यांनी बटण दाबलं आणि गप्प बसले. मला वाटलं, आज नाही तर उद्या लिहितील."

"लिहायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं? तिथे तसं काही म्हटलेलं नाही." किल्लीचा आवाज चढला असावा, त्याच्या भुवया उचलल्या गेल्या. तिने तो खाली आणला आणि त्या तरुण आईबद्दल सांगितलं. उरलेलं ऐकू येणं, नुकती बोलायला लागलेली मुलगी. "तिनेही बटण दाबलंच असणार. उत्तर आलं नाही. तिला वाटलं असेल, नाकारलं."

त्याने लॅपटॉपकडे पाहिलं. त्यात उत्तर न दिलेल्या विनंत्यांची ओळ होती, कोणाकोणाची नावं, आणि प्रत्येक नावाखाली रिकामी चौकट.

"यातली ती कुठली?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही. माझंही नाव असेल त्यात."

"तुम्ही पण?" तो तिच्याकडे वळला. नीट, पहिल्यांदाच. "म्हणजे तुम्ही त्यांतलंच एक वर्तुळ?"

"हो. सकाळी चहाच्या वेळेचं."

"हिरवं?" त्याचे ओठ थरथरले. "सगळ्यांच्या आधी येतं आणि सगळं झाल्यावरही बराच वेळ जात नाही, ते?"

आपण कोणत्या रंगाचे दिसतो, हे किल्लीला कधीच कळलेलं नव्हतं. पण सगळं झाल्यावरही कोण जात नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने मान हलवली. म्हाताऱ्याने खिशातून रुमाल काढला, डोळ्यांना लावायचा म्हणून काढला आणि चष्माच पुसत बसला.

"उघडा," थोड्या वेळाने ती म्हणाली. "आणि पहिल्या पानाखाली एक कोरं पान जोडू. वाटेल त्याने लिहावं, नाही वाटलं तर लिहू नये."

"आणि कोणीच नाही लिहिलं तर?"

खोटं सांगणं सोपं होतं. "तर नाही लिहिलं," ती म्हणाली.

त्याने बटण शोधलं. त्याचं बोट त्यावर बराच वेळ थांबलं. मग त्याने ते दाबलं.

७

पुढच्या रविवारी किल्ली पुन्हा गेली. बोलावणं असं नव्हतं, पण बटाटे उकडले होते आणि एकटीने किती खाणार.

मामा येऊन गेले होते. भांडण मिटलं नव्हतं, पण दोघांनी चहा घेतला होता आणि पहिल्या पानावर 'छायाचित्रण: धाकटा भाऊ' अशी ओळ आली होती. क्लासवाल्याने आपल्या विद्यार्थ्यांना बाईंचं नाव सांगितलं की नाही, हे कोणाला माहीत नव्हतं. कोऱ्या पानावर शिंप्याने लिहिलं होतं, आणखी दोघा-तिघांनी, आणि मध्येच एक ओळ, नाव नसलेली: "आज तिने 'आई' म्हटलं ते न ऐकता ओळखलं." बाकी पान कोरंच होतं. वर्तुळं मात्र कोपऱ्यात येत-जात होती.

"एक विचारू?" म्हातारा म्हणाला. त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हा तिचा शेवटचा धडा. मी रोज लावतो. मला यातलं काही कळत नाही. मी विचारायचो, कॅमेऱ्यासमोर बसून एवढं काय बोलतेस? तर म्हणायची, तुमच्या कामाचं नाही." त्याने पडद्याकडे बोट केलं. "काय म्हणते ती?"

बाई पडद्यावर नेहमीच्या जागी होत्या, जरा वाळलेल्या. सरावाची वाक्यं होती. साधी, घरातली. किल्लीने खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्या ओठांबरोबर मोठ्याने बोलायला लागली.

"खिडकी लावून घे, वारा सुटलाय. आज भाजीत मीठ जास्त पडलंय, पण आमच्याकडे कोणी बोलून दाखवणार नाही. आमचे हे दिवसभर सगळ्या गावाला बातम्या सांगतात आणि घरी येतात तेव्हा एक शब्द शिल्लक नसतो."

म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. निदान सुरुवातीला तरी हसत होता.

"एकदा मी रागाने रेडिओ लावला," किल्ली वाचत गेली, "म्हटलं, तिथे तरी बोलतील माझ्याशी. आणि बोलले की! पूर्ण बातमीपत्रभर बोलले. मी भाजी निवडत सगळं ऐकलं."

त्याने चेहरा हातात धरला होता. किल्लीने व्हिडिओ थांबवला.

"राहू दे का?"

त्याने हात बाजूला केले, तिला नीट दिसतील असे ओठ तिच्याकडे केले.

"नाही," तो म्हणाला. "पुढे काय म्हणते?"